वर–खाली : जुन्या ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या भागांना मराठी सबटायटल, कामाच्या नोंदी

२० एप्रिल २०२५

गेल्या आठवड्यात, १३ एप्रिलला, ब्रिटिश अभिनेत्री जीन मार्श गेल्या. वय ९०. लंडनच्या एका श्रीमंत घरातल्या मालकांची आणि नोकरांची गोष्ट सांगणाऱ्या 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'मधली मोलकरीण रोझ म्हणजे त्या. मालिकेची मूळ कल्पनाही त्यांची आणि आयलीन ॲटकिन्स यांची. दोघींच्या घरातली आधीची माणसं मोठ्या घरांत चाकरीला होती, म्हणून ही गोष्ट जिन्याखालच्या माणसांच्या बाजूने सुरू होते.

बातमी वाचली आणि ठरवलं, आता आईला ही मालिका दाखवायचीच. आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, इंग्रजी बेताचं. तिची आई, म्हणजे माझी आजी, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात २२ वर्षं स्वयंपाकाला होती आणि आईचं बालपण त्या वाड्याच्या मागच्या दाराशी गेलं. मी पहिल्यांदा ही मालिका पाहिली तेव्हा प्रत्येक भागात मला आजी आठवली होती. ते आईला सांगून कळण्यासारखं नाही. तिने पाहायला हवं.

काम असं : पहिल्या पर्वाचे १३ भाग, प्रत्येकी साधारण ५० मिनिटं, मराठी सबटायटल. फक्त घरात पाहण्यासाठी. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी कोणी असंच काही करणार असेल तर माझ्या चुका त्यांना उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी.

२६ एप्रिल

लंडनच्या चुलतभावाने जुना डीव्हीडी संच पाठवला. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, बाहेरून जोडायचा घेतला, १,८५० रुपये. डिस्क लागेचना. कारण कळायला एक संध्याकाळ गेली : डीव्हीडी कुठल्या देशांत चालायची त्याचा आकडा असतो, रीजन. ब्रिटनच्या डिस्क रीजन २ च्या, भारत रीजन ५. ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. मी गोंधळात दोन वेळा इकडून तिकडे केलं, म्हणजे पाचांतल्या दोन संधी फुकट घालवल्या. आता २ वर ठेवून ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवली आहे : "हात लावू नये".

संचात इंग्रजी सबटायटल नाहीत. म्हणजे आधी ऐकून इंग्रजी उतरवायचं, मग मराठी.

४ मे

आवाजावरून मजकूर करणारं एक सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. घरच्या मालकीणबाई लेडी मार्जोरीचं बोलणं बरं उतरतं. मुख्य नोकर म्हणजे बटलर हडसनचा स्कॉटिश उच्चार आणि रोझ-सारा या मोलकरणींची लंडनची बोली आली की भलतंच काहीतरी येतं. शिवाय हे सगळं स्टुडिओत, बऱ्याच कॅमेऱ्यांसमोर, नाटकासारखं लांबलांब प्रवेश करत व्हिडिओ टेपवर घेतलेलं. नोकरांच्या जेवणाच्या टेबलाशी चारजणं एकदम बोलतात. सॉफ्टवेअर बंद केलं. हेडफोन लावून हाताने लिहिते आहे. एका तासात जेमतेम चार मिनिटं होतात.

एक ठळक चूक नोंदवून ठेवते. पहिल्याच प्रवेशात सारा कामाच्या शोधात येते आणि थेट पुढच्या दाराची घंटा वाजवते. तिला 'एरिया'च्या पायऱ्यांकडे धाडतात. मी लिहिलं : "त्या भागातल्या पायऱ्यांनी ये." काही अर्थच लागेना. भावाला विचारलं. तो सुट्टीच्या दिवशी ईटन प्लेसला, मालिकेतलं घर ज्या रस्त्यावर आहे तिथे, जाऊन फोटो काढून आला. लंडनच्या या घरांपुढे रस्त्याच्या पातळीखाली एक अरुंद खोलगट चौक असतो, त्याला एरिया म्हणतात. लोखंडी कठड्यातून पायऱ्या उतरल्या की तळघराचं दार. नोकर, दूधवाला, कोळसेवाला, सगळ्यांनी तिथूनच जायचं. मालिकेतलं घर १६५ नंबरचं. चित्रीकरणासाठी खरं ६५ नंबरचं घर घेतलं होतं आणि आकड्याआधी १ रंगवला होता.

आता ओळ अशी : "खालच्या दाराने ये." आईने वाचलं आणि म्हणाली, "मागच्या दाराने लिही, तेच म्हणतात." पण दार मागे नाही, पुढेच आहे, फक्त खाली आहे. पुढच्या बाजूला असूनही खालचं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. "खालच्या" ठेवलं.

१० मे

सर्वांत मोठं नुकसान. पहिल्या भागाच्या ६३८ ओळींपैकी ४१० मराठीत झाल्या होत्या. दुसऱ्या संगणकावर उघडून एक ओळ दुरुस्त केली आणि जतन केली. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, एएनएसआय होतं, त्यात देवनागरी मावत नाही. ते मी पाहिलं नाही. सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. ती परत येत नाहीत, अक्षरं खरोखर पुसली जातात. अकरा तासांचं काम गेलं.

यानंतरचा नियम : फाइल कायम देवनागरी सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये, रोज रात्री तारीख घालून वेगळी प्रत, आणि दुसऱ्या संगणकावर मूळ फाइल उघडायचीच नाही.

१८ मे

पहिला भाग पुन्हा पूर्ण. या भागाचं नाव 'ऑन ट्रायल'. फे वेल्डन यांनी लिहिलेला. नावाचे दोन अर्थ, कामावर पारखून घेणं आणि खटला. 'चाचणी' अगदी शाळेचं वाटलं. शेवटी 'उमेदवारी'. खटल्याचा अर्थ सुटला, पण नवीन पोरगी काही दिवस बिनभरवशाची राबते त्याला आपल्याकडे हाच शब्द आहे.

आईला दाखवला. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "ही बाई नोकरांशी इतकी मऊ का बोलते?"

मी सगळीकडे 'तुम्ही' लिहिलं होतं. आजच्या ऑफिसातल्या सवयीने. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', वरचा-खालचा फरक तिथे नावातून कळतो : मालक म्हणणार नुसतं "हडसन", खालची माणसं म्हणणार "मिस्टर हडसन". मराठीत तो फरक क्रियापदात यायला हवा, आणि मी तोच पुसून टाकला होता. ६३८ ओळी पुन्हा.

आधी उलट्या टोकाला गेले, लेडी मार्जोरी सगळ्यांना 'तू'. मुलींशी ते बरोबर बसलं. पण हडसन! गॉर्डन जॅक्सन ज्या ताठ मानेने उभे असतात त्या माणसाला "हडसन, तू जा" म्हटलं की पडद्यावरचा माणूस आणि खालची ओळ एकमेकांशी भांडतात. दोन रात्री यावर गेल्या. शेवटी आईनेच वाड्यातलं सांगितलं : दिवाणजींना मालकीणबाई 'तुम्ही' म्हणायच्या, पण 'राव' कधी लावायच्या नाहीत. नुसतं आडनाव. तेच घेतलं. भिंतीवर लावलेला तक्ता :

लेडी मार्जोरी आणि तिचा नवरा रिचर्ड हे हडसनला 'तुम्ही', पण नुसतं "हडसन". मुलींना 'तू'. हडसन वरच्यांना 'आपण', त्याच्या हाताखालच्यांना 'तू'. घरचा मुलगा जेम्स हा हडसनला एरवी 'तुम्ही', चिडला की 'तू'. रोझ आणि सारा एकमेकींना 'तू', हडसनला 'तुम्ही'. लेडी मार्जोरीला सगळे "बाईसाहेब". घरची मुलगी एलिझाबेथ हिला खालची मंडळी "ताईसाहेब".

कोणी हे काम करणार असेल तर हा तक्ता पहिल्या दिवशी करा. मी अठ्ठाविसाव्या दिवशी केला.

१९ मे

कालचंच, पण वेगळं लिहायला हवं.

सारा मुलाखतीला येते तेव्हा आपलं नाव क्लेमॉन्स सांगते, फ्रेंच वळणाचं. लेडी मार्जोरी म्हणते की हे नोकराला शोभणारं नाव नाही, तू सारा. इतकंच. एका वाक्यात नाव बदलतं आणि प्रवेश पुढे सरकतो. मला हा प्रसंग क्रूर वाटतो, म्हणून ओळ मी जरा टोकदार केली होती : "हे असलं नाव इथे चालणार नाही."

आई म्हणाली, "अगं, ती रागावलेली नाही. तिला ते सहज वाटतंय. ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नाव लिहिलं तेव्हा कोणी रागावलं होतं का?" आईचं माहेरचं नाव मी फक्त तिच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर पाहिलं आहे.

ओळ बदलली : "नाही, हे नाव नको. आपण तुला सारा म्हणू." मी आतापर्यंत लिहिलेली ही सगळ्यांत चांगली ओळ आहे आणि ती माझी नाही.

२५ मे

स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस. अँजेला बॅडली यांनी केलेली. तिचं लग्न झालेलं नाही. त्या काळच्या मोठ्या घरांत मुख्य स्वयंपाकिणीला मानाने 'मिसेस' म्हणत, नवरा असो नसो. मी 'श्रीमती ब्रिजेस' लिहिलं, ते पोस्टाच्या पाकिटासारखं दिसलं. 'ब्रिजेसबाई' केलं, तर बाईसाहेबांशी गोंधळ. आईने काहीच न विचारता वाचताना मोठ्याने "ब्रिजेसकाकू" म्हटलं आणि प्रश्न संपला. आजीला वाड्यात शिरल्या दिवसापासून सगळे काकूच म्हणत. तेव्हा ती २६ वर्षांची होती, वाड्यातल्या थोरल्या सुनेपेक्षा लहान.

'सर्व्हिस'ला कुठेही 'नोकरी' लिहायचं नाही, 'चाकरी'. मालकाने लिहून दिलेल्या 'कॅरेक्टर'ला 'चारित्र्य' नाही, 'दाखला'. त्या कागदाशिवाय पुढचं घर मिळत नसे, म्हणून सगळ्या भागांत त्याची भीती आहे.

८ जून

तांत्रिक. फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावली. आधी नुसत्या चौकटी. यूटीएफ-८ मध्येच होती. टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. धाकट्या मावसबहिणीच्या टीव्हीवर अक्षरं आली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर आणि जोडाक्षरं तुटलेली. आईला ते वाचवेना.

टीव्हीशी झगडणं सोडून दिलं. आता सबटायटल चित्रातच कायमची छापते. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये काम, 'हँडब्रेक'मध्ये छपाई, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. जोडाक्षरं नीट येतात. एका भागाला माझ्या जुन्या लॅपटॉपवर ४० मिनिटं लागतात. तोटा असा की एक शब्द बदलला तरी अख्खा भाग पुन्हा छापावा लागतो. म्हणून आईला आधी लॅपटॉपवर कच्चा दाखवायचा, तिच्या दुरुस्त्या घ्यायच्या, मगच छापायचं.

आणखी एक. सॉफ्टवेअर दर सेकंदाला किती अक्षरं ते मोजून ओळ लाल करतं. ते काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतं. 'स्वयंपाकीण' आपण पाच अक्षरं वाचतो, ते दहा मोजतं. मी पहिले तीन आठवडे लाल ओळी घाबरून कापत बसले आणि चांगली वाक्यं मारली. मर्यादा वाढवून घेतली. आईसाठी खरी कसोटी एकच : घड्याळ न बघता तिच्या शेजारी बसायचं आणि ओळ जाण्याआधी तिची नजर चेहऱ्याकडे वर जाते का ते पाहायचं.

२२ जून

दुसरा भाग लावला आणि चित्र काळं-पांढरं. डिस्क बिघडली असं वाटून दोन तास ड्राइव्ह, वायर, सेटिंग तपासण्यात घालवले. काहीही बिघडलेलं नाही. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीच्या तंत्रज्ञांनी रंगीत यंत्रसामग्रीवर काम करायला नकार दिला होता, वाद जादा मोबदल्याचा होता. या मालिकेचे पहिले सहा भाग त्या काळात काळे-पांढरे घेतले गेले. नंतर पहिला भाग तेवढा पुन्हा रंगीत घेतला. म्हणून पहिला रंगीत, २ ते ६ काळे-पांढरे, सातव्यापासून परत रंग. १० ऑक्टोबर १९७१ ला, रविवारी, मालिका सुरू झाली ती अशीच.

यात आत्याचाही एक जुना वाद मिटला. आत्या १९७३ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिथे जानेवारी १९७४ पासून पीबीएस वाहिनीवर ही मालिका लागली तेव्हा तिने पाहिली. ती मला फोनवर ठामपणे सांगत होती की पहिल्या भागाच्या शेवटी सारा घर सोडून जाते. माझ्या डिस्कवर ती राहते. दोघीही बरोबर. रंगीत पहिल्या भागाचे दोन शेवट केले होते. जिथे काळे-पांढरे भाग दाखवायचे नव्हते तिथल्यासाठी साराला शेवटी पाठवून दिलं, म्हणजे मधलं काही चुकल्यासारखं वाटू नये. अमेरिकेत तेव्हा ते पाच भाग दाखवलेच नव्हते.

आत्याने ५१ वर्षांत ते पाच भाग पाहिलेले नाहीत. तिला मराठी सबटायटलांची गरज नाही, पण तरी तिला मराठीच पाहिजे म्हणाली. नोव्हेंबरमध्ये ती येणार आहे.

२९ जून

काळ्या-पांढऱ्या भागांत पांढरी अक्षरं दिसत नाहीत. रोझ आणि सारा यांचे पांढरे एप्रन बरोबर पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात येतात, पांढऱ्यावर पांढरं. पिवळा रंग केला, काळ्या-पांढऱ्या चित्रावर तो डोळ्यांत घुसतो. काळी कडा जाड केली, जोडाक्षरांतली पोकळी भरून गेली. शेवटी अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी. रंगीत भागांत पट्टी नाही.

दुसरा भाग मात्र काळा-पांढराच शोभतो. चित्रकार गथ्री स्कोन लेडी मार्जोरीचं चित्र काढायला येतो आणि गुपचूप दोन मोलकरणींचं त्यांच्या माळ्यावरच्या खोलीतलंही काढतो. दोन्ही चित्रं रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागतात. मालकीणबाई आणि तिच्या मोलकरणी, लोकांसमोर. रंग नसल्यामुळे पाहणारा चेहऱ्यांकडेच पाहतो. आई म्हणाली, "त्या पोरींची खोली कोणाला दिसायलाच नको होती ना, म्हणून राग."

१३ जुलै

आईची मोठी तक्रार. तळघरात सगळे जेवत असतात आणि एकदम उठतात, का ते कळत नाही. मी प्रवेश पुन्हा लावला. घंटा वाजते! भिंतीवर घंटांची रांग आहे, प्रत्येक घंटा एका खोलीची. हाताखालचा घास टाकून उठायला लावणारा तो आवाज. आईला तो ऐकूच येत नाही आणि मी फक्त बोलणं लिहीत बसले होते. या घरात सगळ्यांत जास्त हुकूम बोलून नाही, घंटेने दिले जातात.

पहिल्या तीन भागांत परत जाऊन घंटा घातल्या. कंसात, तिरक्या अक्षरांत : (घंटा). कुठल्या खोलीची ते कळत असेल तर : (दिवाणखान्याची घंटा). ३१ जागा निघाल्या. पावलांचा आवाज, दार, चहाच्या कपबश्या हे सगळंही आधी घातलं होतं. फार झालं, काढलं.

२७ जुलै

तिसरा भाग, 'बोर्ड वेजेस'. मालक मंडळी बाहेरगावी, घर बंद, मोजके नोकर मागे. त्यांना जेवणाऐवजी रोख रक्कम मिळते तिचं हे नाव. मी 'निर्वाह भत्ता' लिहिलं, सरकारी परिपत्रक झालं. मग 'शिध्याचे पैसे'. वाडा दोन महिने काशीयात्रेला गेला होता तेव्हा आजीला काय मिळालं, असं आईला विचारलं. "शिधा. पैसे नाही, कोरडा शिधा, तोही मोजून." शीर्षक : 'शिध्याचे पैसे'.

भागात नोकरमंडळी वर जाऊन मालकांची सोंगं घेतात आणि मध्येच जेम्स येऊन उभा राहतो. इथे तक्ता मोडला. सोंगात सारा लेडी मार्जोरीसारखी बोलते, म्हणजे ती रोझला 'तू' म्हणते, जी ती एरवीही म्हणते. फरक दिसेना. मग सोंगातल्या वाक्यांना थोडी पुस्तकी मराठी दिली. जेम्स आल्यावर ती गळून पडते. हे जमायला तीन रात्री लागल्या, मोजून १४ ओळी.

ऑगस्ट

चौथा आणि पाचवा भाग. घरी पाहुणे, ऑफिसात ऑडिट, फारसं काही नोंदण्यासारखं नाही. दोन्ही एलिझाबेथभोवतीचे. वेळ मात्र कमी झाला : भाग १ ला ७० तास, भाग ५ ला २३.

१४ सप्टेंबर

सहावा भाग, नवी मोलकरीण मेरी. आधीच्या घरातल्या मुलापासून दिवस गेलेले. रिचर्ड बेलामी खासदार आहे, भला माणूस आहे, तो तिला न्याय मिळवून द्यायला निघतो आणि त्याला काहीही करता येत नाही. आईने दोन ठिकाणी थांबवायला सांगितलं. मी काही विचारलं नाही. एकही ओळ तिने दुरुस्त केली नाही, हे प्रथमच.

५ ऑक्टोबर

एमिलीबद्दल. ही चूक मला सगळ्यांत जास्त लागली आहे.

एमिली हाताखालची पोर, आयर्लंडहून आलेली. एव्हिन क्रॉली यांनी केलेली. तिचा उच्चार इतरांहून वेगळा, म्हणून मी पहिल्या भागापासून तिला गावाकडची मराठी दिली होती : "व्हय काकू", "म्या न्हाई केलं". आई हसायची. मला वाटलं, जमलं.

आठवा भाग आला, 'आय डाइज फ्रॉम लव्ह'. एमिलीचं दुसऱ्या घरच्या फूटमनवर, म्हणजे वरकामाच्या गड्यावर, विल्यमवर, प्रेम बसतं. त्याची मालकीण ते मोडून टाकते. एमिली गळफास घेते. कच्चा भाग दाखवताना तिच्या रडण्याच्या प्रवेशात आईच्या चेहऱ्यावर सवयीने हसू आलं आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला. आपल्या नाटक-सिनेमांनी आपल्याला शिकवलं आहे की तसं बोलणारा नोकर हसण्यासाठीच असतो. मी सात भाग तीच सवय पक्की करत आले होते. मूळ मालिकेत ब्रिजेसकाकू तिच्यावर सतत ओरडते, तिला कोणी मोजत नाही, आणि आठव्या भागात कळतं की आपणही तिला मोजलं नव्हतं. पण तिथे पाहणारा तिला हसत नव्हता. मी हसायला लावलं.

भाग १ ते ८ मधल्या एमिलीच्या सगळ्या ओळी परत. २१२. साधी मराठी, तुटक, अर्ध्यावर सोडलेली वाक्यं. आयरिशपण हरवतं, ते मान्य केलं. एक धागा तेवढा ठेवला : ती कॅथलिक आहे. वसईच्या एका सहकारी बाईंना विचारलं, घाबरल्यावर तुमच्या घरात काय म्हणतात? त्यांनी सांगितलं ते "पवित्र मारिये" दोन-तीन ठिकाणी घातलं. त्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही तोंडी ते येत नाही.

आठही भाग पुन्हा छापायला साडेपाच तास.

शीर्षक राहिलं. इंग्रजीत व्याकरण चुकलेलं आहे, 'डाय' हवं तिथे 'डाइज'. थोडं शिकलेल्या पोरीचं वाक्य. मराठीत क्रियापद चुकवलं तर परदेशी माणूस बोलल्यासारखं होतं. आईने आजीचं एक जुनं पोस्टकार्ड काढून दाखवलं. शब्द सगळे बरोबर, पण 'मि', 'आनि', 'पानी'. तेच वळण घेतलं : 'मि प्रेमापाई मरते'. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली आहे. ती तशीच राहू द्यायची, कोणी प्रत घेतली तर कृपया दुरुस्त करू नका.

शेवटच्या मिनिटांत मी कंसात (शांतता) लिहिलं होतं. काढलं.

२५ ऑक्टोबर

नववा भाग. एमिलीच्या जाण्यानंतर ब्रिजेसकाकू दुकानाबाहेरून एक तान्हं मूल उचलून आणते आणि खोलीत लपवते. कोर्टात हडसन सांगतो की चाकरी संपल्यावर मी हिच्याशी लग्न करीन, म्हणजे तिला तुरुंगात जावं लागू नये. या वाक्याआधी हडसन तिला काय म्हणायचा? मी आठ भाग 'तुम्ही' ठेवलं होतं आणि इथेही 'तुम्ही'च. मला 'तू' करण्याचा फार मोह झाला. आईने डोकं हलवलं. "एवढ्या वर्षांचं 'तुम्ही' असं एका दिवसात जात नाही."

बरोबर आहे. ठेवलं.

७ नोव्हेंबर

आत्या परवा पोहोचली. आज सकाळी बातमी : पॉलीन कॉलिन्स गेल्या, ५ तारखेला, वय ८५. सारा. एप्रिलमध्ये रोझ, आता सारा, आणि मी अजून दहाव्या भागावर. मधल्या काळात घर सोडून गेलेली सारा दहाव्यात परत येते. लंडनच्या ईस्ट एंडला गरिबांना सूप वाटतात तिथे एलिझाबेथ आणि जेम्सला ती सापडते, फाटक्या कपड्यांत. पुन्हा त्याच घरात तिला ठेवतात, पण यावेळी खाली, भांडी घासायला.

भाग तयार नव्हता. जाहिरातींच्या थांब्यांमुळे भागाचे तीन तुकडे पडतात, त्यातले पहिले दोन झाले होते. तिसऱ्याच्या फक्त इंग्रजी ओळी वहीत होत्या. आई म्हणाली, आजच पाहू.

दोन तुकडे सबटायटलवर पाहिले. तिसऱ्याला मी आईच्या उजव्या कानाशी बसले, तो जरा बरा आहे, आणि वही बघून ओळ न ओळ मराठीत सांगत गेले. घंटा वाजली की आत्या बोट वर करायची. तक्ता समोर नव्हता, तरी एकदाही 'तू' आणि 'तुम्ही' चुकलं नाही. दोन ठिकाणी आईने माझ्याआधीच वाक्य पूर्ण केलं.

नंतर आत्या म्हणाली, आता ते काळे-पांढरे पाच लाव. रात्री एकपर्यंत दोन झाले.

९ नोव्हेंबर

दहाव्याचा तिसरा तुकडा टाइप करायला बसले. त्या रात्री तोंडी जे सांगितलं त्यातलं बरंच आठवत नाही आणि वहीवरून लिहिलेलं तितकं चांगलं होत नाही. आईला विचारून विचारून ३८ ओळी परत मिळाल्या. पुढच्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग लावून आधी तोंडी सांगायचं, मग उतरवायचं. अकरावा भाग तसाच करून पाहते. आत्या ३० तारखेपर्यंत आहे.

आतापर्यंत : १० भाग, ३४२ तास, खर्च ड्राइव्ह १,८५०, दोन पेनड्राइव्ह ९००, भावाला डिस्कचे पैसे द्यायचे आहेत, तो घेत नाही.